टेनिस : आपल्या मुलामुलींचाही खेळ

टेनिस म्हटले की डोळ्यांसमोर काय उभे राहते? हिरवेगार मैदान, पांढरेशुभ्र कपडे, बाजूला छत्रीखाली मांडलेल्या खुर्च्या आणि टाळ्यासुद्धा बेताने वाजविणारी मंडळी. टीव्हीवर हा खेळ आपण सर्वांनीच कधी ना कधी पाहिलेला असतो. पण पाहता पाहता मनात एक गोष्ट पक्की बसलेली असते, ती म्हणजे हा खेळ 'त्यांचा' आहे. कबड्डी आपली, खो-खो आपला, क्रिकेटही आता आपले झाले. टेनिस मात्र साहेबांचे!

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे आंजी (मोठी) हे गाव. भोवताली कापूस, सोयाबीन आणि तुरीची वावरे. अशा गावातल्या हायस्कुलात टेनिस सुरू करावे, असा विषय काढला की आधी लोक हसतात आणि मग विचारतात, "पोट्ट्यायच्या हातात हे जाळीचं बॅट देऊन का होते जी भाऊ? त्यानं पोट भरते का?"

प्रश्न रोखठोक आहे आणि तो विचारण्याचा हक्क मजुरी करून मुले शिकविणाऱ्या प्रत्येक आईबापाला आहे. म्हणून त्या प्रश्नाला बगल न देता, हा खेळ साहेबांचा कसा झाला, ज्यांना त्यापासून दूर ठेवले गेले त्यांनी तो कसा मिळविला, आणि आपल्यासारख्या गावच्या शाळेत तो रुजवायचा तर काय करावे लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करीत आहोत.

चेंडू उचलणारे हात

आज आपण पाहतो ते टेनिस इंग्लंडमध्ये आकाराला आले. मेजर वॉल्टर विंगफिल्ड या लष्करी अधिकाऱ्याने १८७४ साली या खेळाचे पेटंट घेतले. १८७७ साली विम्बल्डनची पहिली स्पर्धा झाली आणि १८८४ पासून तेथे स्त्रियाही खेळू लागल्या. इंग्रज साहेबांबरोबर हा खेळ आपल्या देशात आला आणि छावण्या, सिव्हिल लाइन्स व जिमखाने यांच्या कुंपणाआड राहिला.

कुंपणाआड आपल्यासारखी माणसे नव्हतीच असे नाही. ती होती, पण जाळी बांधायला, रोलर ओढायला, चुन्याच्या रेघा मारायला आणि साहेबाने मारलेला चेंडू धावत जाऊन उचलून द्यायला! मैदान ज्यांच्या घामाने तयार झाले, त्यांना मैदानात उतरण्याची मुभा नव्हती.

क्रिकेटमध्येही हेच घडले. पळवणकर बाळू हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. चर्मकार कुटुंबात जन्मलेला हा मुलगा पुण्यात इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करी आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकी. त्याच हातांनी पुढे १९११ सालच्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पण हिंदू संघात बाळूंचा चेंडू चालत असला तरी चहाच्या वेळी त्यांना पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या भांड्यात चहा मिळे. संघाचे कर्णधारपद बाळूंना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, तेही मोठ्या वादानंतर.

टेनिसमध्ये मात्र आपल्याकडे असा बाळू झाल्याचे दिसत नाही. मुंबईच्या लीला राव यांनी १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकला आणि तसे करणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून मान मिळविला, ही अभिमानाची गोष्ट आहे. १९९६ साली लिएंडर पेस यांनी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळविले. २०२३ साली हांगझाऊच्या आशियाई खेळांत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले यांनी रोहन बोपण्णांसमवेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. म्हणजे कर्तबगारी आहे. पण मैदाने मोठ्या शहरांतच अधिक राहिली आणि खेड्यातल्या मजुराच्या मुलामुलींपर्यंत हा खेळ पोहोचलाच नाही.

कापूस पिकविणाऱ्याची मुलगी

आता जरा सातासमुद्रापार पाहू. अमेरिकेतही काळ्या लोकांना गोऱ्यांच्या टेनिस मैदानावर मज्जाव होता. त्यांनी रडत न बसता १९१६ साली स्वतःची टेनिस संघटना उभी केली आणि आपल्या स्पर्धा आपणच भरविल्या.

अल्थिया गिब्सन ही १९२७ साली जन्मलेली मुलगी. तिचे आईबाप दक्षिणेत दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवीत. कापसाची बोंडे वेचून हातांना पडणारे ओरखडे काय असतात, हे वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको! पुढे हे कुटुंब न्यू यॉर्कच्या हार्लेम वस्तीत आले. तिथे रस्ता बंद करून मुलांसाठी लाकडी फळीने खेळायचे छोटे टेनिस मांडीत. त्या रस्त्यावर अल्थिया खेळायला शिकली. तिचा हात पाहून वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढली आणि काळ्या लोकांच्या टेनिस क्लबात तिचे नाव घातले. १९५० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेचे दार तिला उघडले. १९५७ साली ती विम्बल्डनची विजेती झाली. वाटेकऱ्याच्या मुलीने इंग्लंडच्या राणीच्या हातून पारितोषिक स्वीकारले!

या यशाच्या मुळाशी काय होते, ते नीट पाहावे. रस्त्यावरचे तात्पुरते मैदान, वस्तीची वर्गणी आणि पाठीशी उभी राहणारी शिकलेली माणसे. यांतली कोणती गोष्ट आपल्या आवाक्याबाहेर आहे?

पहिल्या फेरीतला पराभव

अल्थियाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांपैकी एक होते डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन. व्हर्जिनिया राज्यातल्या लिंचबर्ग या गावी त्यांचा दवाखाना होता. आपल्या घरामागेच त्यांनी टेनिसचे मैदान तयार केले होते. १९५० च्या सुमारास जवळच्या विद्यापीठात हायस्कूलच्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धा भरत असे. तीत फक्त गोरी मुले असत. डॉक्टरांनी ती पाहिली आणि आयोजकांकडे जाऊन विचारले, आमची मुले का नकोत? त्यांनी पाठपुरावा केला आणि १९५१ साली दोन काळ्या मुलांना प्रवेश मिळाला.

पुढे काय झाले? दोन्ही मुले पहिल्याच फेरीत हरली, आणि सपशेल हरली.

आपल्याकडे असे झाले असते तर काय म्हटले गेले असते, याची कल्पना वाचकांनी करावी. "पाहा, सांगत नव्हतो? हा खेळ यांना झेपणारा नाही!" असे बोलणारे बाहेरचे जसे भेटले असते, तसे घरातलेही भेटले असते. डॉ. जॉन्सन यांनी मात्र त्या पराभवातून वेगळा अर्थ काढला. मुलांमध्ये कमतरता नव्हती. ती उशिरा शिकली होती आणि सरावाला त्यांना नियमित मैदान व शिक्षक मिळाला नव्हता. म्हणून दर उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी मुलामुलींना आपल्या घरी राहायला बोलाविले. तिथे सकाळपासून सराव असे आणि मैदानाची निगाही मुलांनीच राखायची असे. राहणे आणि जेवणही तिथेच.

त्या घरी १९५३ साली दहा वर्षांचा एक काडीपैलवान मुलगा आला. त्याचे नाव आर्थर अ‍ॅश. रिचमंड शहरात फक्त काळ्यांसाठी असलेल्या ब्रूक फील्ड या मैदानाची राखण त्याचे वडील करीत आणि मैदानातच त्यांचे घर होते. आई तो सहा वर्षांचा असताना वारली. घराबाहेर पाऊल टाकले की टेनिसचे मैदान, म्हणून तो खेळू लागला. पण त्याच शहरातल्या गोऱ्या मुलांबरोबर त्याला खेळता येत नसे आणि हिवाळ्यात छपराखालच्या मैदानात पाऊल ठेवता येत नसे. डॉ. जॉन्सन यांच्या घरी त्याने वर्षानुवर्षे उन्हाळे काढले. आणि ज्या स्पर्धेत १९५१ साली आपली मुले पहिल्याच फेरीत बाद झाली होती, तीच हायस्कूलची राष्ट्रीय स्पर्धा १९६१ साली आर्थर अ‍ॅशने जिंकली.

दहा वर्षे! बंधू-भगिनींनो, हा आकडा लक्षात ठेवावा. शाळेत नवा खेळ सुरू करून दुसऱ्या वर्षी चषक मागणाऱ्यांनी तर तो अवश्य लक्षात ठेवावा.

पुढे अ‍ॅशने १९६८ साली अमेरिकन ओपन आणि १९७५ साली विम्बल्डन जिंकले. शिष्यवृत्तीवर कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात शिकून १९६६ साली त्याने पदवी घेतली. १९६९ साली गरीब वस्त्यांतल्या मुलांना टेनिस शिकविणारी योजना आपल्या सहकाऱ्यांसह सुरू केली. स्वतः वर चढल्यावर त्याने शिडी काढून घेतली नाही, ती खाली सोडली.

नागपूरची तुटकी बादली

कुणी म्हणेल, अमेरिकेचे आम्हांला काय सांगता? मग आपल्या नागपूरकडे पाहू. विजय बारसे हे हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. २००१ साली पावसात झोपडपट्टीची मुले तुटक्या बादलीला लाथा मारून फुटबॉल खेळताना त्यांना दिसली. दुसरा कुणी पाहून पुढे निघून गेला असता. बारसे सरांनी त्या मुलांना चेंडू दिला आणि झोपडपट्टी फुटबॉल उभे केले. पुढे हीच मुले बेघरांच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेपर्यंत गेली. २०१६ साली या संस्थेला 'फिफा'चा विविधतेबद्दलचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली नागराज मंजुळे यांनी याच कथेवर 'झुंड' हा चित्रपट काढला.

येथेही तेच सूत्र दिसते. मोठे मैदान, महागडे बूट आणि सरकारी योजना यांची वाट पाहिली असती तर ती मुले आजही बादलीच लाथाडीत राहिली असती. आधी एक माणूस उभा राहिला, मग चेंडू आला, मग खेळ आला. आणि बाकीचे सारे त्यामागून आले.

मैदान किती लागते?

"टेनिसला केवढे मैदान लागते!" हा नेहमीचा आक्षेप. पूर्ण मैदान ७८ फूट लांब असते. एकेरीसाठी रुंदी २७ फूट आणि दुहेरीसाठी ३६ फूट. मागे-पुढे धावायची जागा धरली तर साधारण १२० फूट बाय ६० फूट मोकळी जागा लागते. एवढी सपाट व पक्की जागा गावच्या शाळेत सहसा नसते, हे खरे.

पण शिकणाऱ्याने पूर्ण मैदानावरच शिकले पाहिजे, हा समज आता जगानेच सोडून दिला आहे. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली नवशिक्यांसाठी छोट्या मैदानाची आणि मऊ चेंडूंची पद्धत प्रसारात आणली. २०१२ पासून तर दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा कडक चेंडू वापरूच नये, असा नियम झाला. या पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. लाल चेंडू सर्वांत मंद. तो नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के मंद असतो. नारिंगी चेंडू ५० टक्के आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के मंद. चेंडू मंद असला की नवशिक्याला पाय हलवायला आणि रॅकेट मागे न्यायला वेळ मिळतो. पहिल्याच दिवशी चार-पाच फटके जाळीपलीकडे जातात आणि मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.

आता मापे पाहा. लाल चेंडूचे मैदान ३६ फूट बाय १८ फूट असते, म्हणजे आपल्या कबड्डीच्या मैदानात सहज बसते. नारिंगी चेंडूचे मैदान ६० फूट बाय २१ फूट. ते व्हॉलीबॉलच्या मैदानाएवढेच, फूटभर लांब. खो-खोच्या मैदानात ते आखले तर दोन्ही टोकांना १४-१४ फूट धावायला जागा उरते. म्हणजे ज्या शाळेत कबड्डी, खो-खो आणि व्हॉलीबॉल आहे, त्या शाळेत टेनिसची जागा आधीपासूनच आहे. फक्त चुन्याच्या चार रेघा आखायच्या आहेत!

जाळी मध्यभागी ३ फूट उंच असते. लहान मैदानाला त्याहून थोडी खाली चालते. व्हॉलीबॉलच्या खांबांना दोरी बांधून तीवर जुनी पोती किंवा लुगडे टाकले तरी काम भागते.

एक अडचण मात्र आमच्या भागाची खास आहे. ती म्हणजे काळी माती. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. अशा मातीवर चेंडू सरळ उसळत नाही आणि पाय मुरगळतो. म्हणून जेवढ्या जागेत खेळायचे तेवढ्या जागेवर मुरूम पसरून, पाणी मारून, रोलर फिरवावा लागतो. गावात रस्त्याचे काम निघाले की मुरूम आणि रोलर दोन्ही येतात. त्या वेळी ग्रामपंचायतीला एक अर्ज दिला तर काम सोपे होते. तोपर्यंत शाळेचे सिमेंटचे आवार आहेच.

आणि काहीच नसेल तर भिंत आहे. समाजमंदिराच्या किंवा शाळेच्या पक्क्या भिंतीवर ३ फुटांवर खडूने आडवी रेघ ओढावी आणि तीवर चेंडू मारीत राहावे. भिंत कधी दमत नाही, कधी सुटी घेत नाही आणि कोणाची जातही विचारीत नाही!

कारकुनाचा हिशेब

आम्ही पेशाने कारकून. बेरीज-वजाबाकी मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. समजा, एका वर्गात ४० मुलेमुली आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. ४० रॅकेटी घ्यायच्या काय? मुळीच नाही. १२ रॅकेटी आणि २४ चेंडू पुरतात.

वर्गाचे १३, १३ आणि १४ असे तीन गट करावेत. पहिल्या गटाने तीन छोट्या मैदानांवर चौघेचौघे खेळावे. उरलेल्या एकदोघांनी गुण मोजावेत. दुसऱ्या गटाने दोरीपलीकडे हाताने चेंडू फेकावा आणि एक टप्पा पडल्यावर झेलावा. तिसऱ्या गटाने भिंतीवर तळहाताने चेंडू मारावा. दहा-दहा मिनिटांनी गट बदलावेत. तीस मिनिटांत प्रत्येकाच्या हातात रॅकेट येते आणि पाच मिनिटे साहित्य मोजून ठेवायला उरतात. ही शेवटची पाच मिनिटे सर्वांत महत्त्वाची, कारण मोजले नाही तर महिन्याभरात २४ चेंडूंचे ४ होतात.

खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवावेत. मोठ्यांच्या रॅकेटची लांबी २७ इंच असते. पाचवी-सहावीच्या मुलांना २५ इंचांची आणि आठवीपासून पुढे २६-२७ इंचांची रॅकेट ठीक पडते. नेहमीच्या चेंडूंत हवेचा दाब भरलेला असतो आणि डबा फोडला की तो काही आठवड्यांत कमी होत जातो. त्यापेक्षा दाब नसलेले चेंडू मिळतात. ते अधिक टिकतात आणि शाळेला तेच परवडतात.

पैसा कुठून? समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून शासकीय शाळांना क्रीडा साहित्यासाठी वर्षाला अनुदानाची तरतूद आली. ती प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत, उच्च प्राथमिकला १०,००० पर्यंत आणि माध्यमिक व उच्च माध्यमिकला २५,००० रुपयांपर्यंत होती. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला. त्याच्या परिशिष्टात मैदान आणि खेळाचे साहित्य या शाळेच्या आवश्यक गोष्टी म्हणून नोंदल्या आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बसतात ते सही करण्यापुरते नव्हे. साहित्य काय घ्यावे, आले काय आणि ते कपाटात आहे की मुलांच्या हातात, हे विचारण्यासाठी ते तिथे असतात. गावातली हायस्कुले पुष्कळदा खासगी संस्थांची असतात. तिथे संस्थाचालक आणि माजी विद्यार्थी यांच्याशी बोलावे. आपण जयंतीला वर्गणी मोठ्या मनाने देतो. त्या वर्गणीतून दरसाल दोन रॅकेटी शाळेला दिल्या तर सहा वर्षांत बारा होतात.

रोप मरते कशाने?

नवा उपक्रम सुरू करणे सोपे, टिकविणे कठीण. खेड्यातल्या शाळांत नवे खेळ कसे बंद पडतात, हे समाजकार्याच्या निमित्ताने आम्ही पुष्कळ पाहिले आहे. त्याची कारणे ठरलेली असतात.

पहिले कारण म्हणजे सारे एका शिक्षकावर अवलंबून असते. त्याची बदली झाली की खेळही बदलून जातो. यावर उपाय एकच. वरच्या वर्गातल्या मुलामुलींनी खालच्या वर्गाला शिकवावे. नववीच्या दोघांवर पाचवीच्या आठ जणांची जबाबदारी द्यावी. शिकविणाऱ्याचा हातही त्याने अधिक पक्का होतो.

दुसरे कारण म्हणजे साहित्य खराब होईल या भीतीने ते कपाटात कुलूपबंद राहते. न वापरलेली रॅकेटही शेवटी खराबच होते! तार तुटली तर चालेल, कुलूप गंजता कामा नये.

तिसरे कारण अधिक बोचरे आहे. दोन-चार बऱ्या घरची मुले स्वतःची रॅकेट घेऊन येतात आणि मैदान त्यांचेच होऊन बसते; बाकीची पुन्हा चेंडू उचलायला लागतात. असे झाले तर जिमखान्यातले जुने चित्रच शाळेत पुन्हा उभे राहिले म्हणायचे. महाडला १९२७ साली चवदार तळ्यावर आपली माणसे गेली ती केवळ तहानेपोटी गेली नव्हती. सार्वजनिक पाण्यावर माणूस म्हणून समान हक्क सांगायला ती गेली होती. शाळेचे मैदानही सार्वजनिक आहे. म्हणून पहिल्या दिवसापासून पाळीचा तक्ता भिंतीवर लावावा, चेंडू सर्वांनी उचलावेत आणि रॅकेट सर्वांनी धरावी.

चौथे कारण म्हणजे लगेच निकालाची घाई. शालेय क्रीडा स्पर्धांत टेनिसचा समावेश आहे आणि १४, १७ व १९ वर्षांखालील असे गट आहेत. जिल्ह्यातून नागपूर विभागात आणि तेथून राज्य पातळीवर अशी वाट आहे. पण पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी मुले पहिल्याच फेरीत हरतील, हे आधीच धरून चालावे. हरून आलेल्या मुलांना गावाने काय म्हटले, यावर तो खेळ जगणार की मरणार हे ठरते. लिंचबर्गच्या दोन मुलांची गोष्ट त्या दिवशी सांगावी.

मुलींसाठी विशेष

आपल्या घरी मुलगी सातवी-आठवीत गेली की तिचे खेळणे हळूहळू बंद होते. पाणी, भांडी आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे यातच संध्याकाळ जाते. त्यातून वेळ मिळालाच तर "आता मोठी झालीस, मैदानात काय धावतेस?" असे कुणीतरी म्हणते. कबड्डीत अंगाला अंग लागते म्हणून नको म्हणणाऱ्या आयांना आमचे सांगणे, की टेनिसमध्ये दोघींच्या मधे जाळी असते. मुले आणि मुली एकत्र मिळून खेळतात असा या खेळात मिश्र दुहेरीचा अधिकृत प्रकार आहे. ऋतुजा भोसले यांचे सुवर्णपदक त्यातलेच. सलवार-कमीज घालून आणि साधे बूट घालूनही शिकता येते. पांढऱ्या स्कर्टची सक्ती शिकायला नाही. अट एकच असावी, की मुलींचा तास शाळेच्या वेळेतच असावा. तो संध्याकाळवर ढकलला की मुली गळतात.

कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टन या गरीब वस्तीतल्या सार्वजनिक मैदानावर व्हीनस आणि सेरेना या दोन बहिणी खेळायला शिकल्या. त्यांचा बाप काही नामांकित प्रशिक्षक नव्हता. पुस्तके व चित्रफिती पाहून तो स्वतः शिकला आणि मग त्याने मुलींना शिकविले. व्हीनसने २००० साली विम्बल्डन जिंकले. सेरेनाने पुढे एकेरीची २३ मोठी अजिंक्यपदे मिळविली. आईबापाला खेळ येत नाही, हे कारण आता कोण सांगणार?

मुलामुलींचा खेळ पाहायला जाणाऱ्या आयांसाठी गुणांची रीत येथे सांगून ठेवतो. शून्याला 'लव्ह' म्हणतात. पहिला गुण १५, दुसरा ३०, तिसरा ४० आणि चौथ्याला एक गेम. दोघांचेही ४० झाले तर 'ड्यूस'; मग लागोपाठ दोन गुण घेईल त्याचा गेम. सहा गेम आधी जिंकणाऱ्याचा सेट, पण दोन गेमचे अंतर हवे. एवढे कळले की मैदानाबाहेर बसून खेळाचा आनंद घेता येतो आणि आपली मुलगी जिंकते आहे की हरते आहे, हे कुणाला विचारावे लागत नाही.

पोट भरते का?

आता त्या मूळ प्रश्नाकडे येऊ. टेनिसने पोट भरते का? खरे सांगायचे तर बहुतेकांचे भरत नाही. जगात लाखो मुले खेळतात आणि खेळून कमावणारे अगदी थोडे असतात. जो कोणी आपल्या मुलाला सेरेना बनवून देतो असे सांगून पैसे मागेल, त्याच्यापासून चार हात दूर राहावे. मुलाचे शिक्षण सोडवून त्याला मैदानात उभे करणे हा तर निव्वळ घात होईल.

तरीही खेळाचा उपयोग आहे आणि तो हिशेबात मांडता येतो. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे; त्यासाठी ठरावीक पातळीवरील कामगिरी लागते आणि प्रमाणपत्रे जपून ठेवावी लागतात. दहावी-बारावीला खेळाडूंना क्रीडागुणांची सवलत आहे. हे झाले कागदावरचे. न दिसणारा फायदा त्याहून मोठा आहे. टेनिसमध्ये एकेरीच्या मैदानात मूल एकटे असते. कुणाचा आधार नाही, मागे वळून बापाकडे पाहण्याची सोय नाही. हरत असताना डोके शांत ठेवायचे, पुढचा गुण पुन्हा शून्यापासून खेळायचा आणि सामना संपल्यावर समोरच्याशी मान वर करून हात मिळवायचा. उद्या मुलाखतीच्या खोलीत पाच साहेबांसमोर बसताना हीच सवय कामी येते.

डॉ. जॉन्सन आपल्या मुलांना एक कडक नियम शिकवीत. चेंडू रेषेच्या किंचित बाहेर पडला तरी तो आत पडला असे धरून खेळा, म्हणजे तुमच्यावर अप्रामाणिकपणाचा ठपका ठेवायला कुणाला जागा उरणार नाही. हा दबून राहण्याचा धडा नव्हता. गोऱ्या पंचांच्या हाती निमित्त न देता सामना जिंकून येण्याची ती तयारी होती. आज आपल्या मुलांनी शंकेचा प्रत्येक चेंडू सोडून द्यावा असे आम्ही म्हणणार नाही. हक्काचा गुण मागावाच. पण शिस्त ही आपल्यासाठी ढाल आहे, एवढे त्यातून घ्यावे.

आर्थर अ‍ॅश १९९३ साली वारला. १९९६ साली रिचमंडच्या ज्या राजरस्त्यावर गुलामगिरीसाठी लढलेल्या सेनापतींचे पुतळे होते, त्याच रस्त्यावर त्याचा पुतळा उभा राहिला. पुढे ते सेनापती त्या रस्त्यावरून उतरविले गेले. अ‍ॅश तिथेच उभा आहे. त्या पुतळ्याच्या एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तके आहेत आणि भोवती मुले आहेत. शिल्पकाराने पुस्तकांचा हात रॅकेटच्या हातापेक्षा उंच ठेवला आहे. पुस्तक हातात घेतलेला पुतळा आपल्या प्रत्येक वस्तीत आहे. त्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधी पालकांनी एवढे करावे : मुख्याध्यापकांची भेट घेऊन मैदानाची जागा पाहावी, मुरुमासाठी ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा, शाळा व्यवस्थापन समितीत साहित्याचा विषय मांडावा आणि वस्तीतल्या दोन तरुणांनी आठवड्यातून दोन सकाळी मुलांसाठी द्याव्यात. रॅकेटी येईपर्यंत थांबू नये. चेंडू आणि भिंत आजही आहे. पहिल्या वर्षी मुले हरून येतील. त्यांना गरम जेवण वाढावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानात पाठवावे.